हातोडा की फाशी?

आमच्या अण्णांनी लातूरच्या मोंढ्यात चाळीस वर्षं आडत केली. सोयाबीनचं पोतं समोर आलं की मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा आणि आवाजावरून ओल सांगायची. त्यांचा मुलगा, म्हणजे मी, तीन महिन्यांपासून मोबाईलवर भावाच्या आलेखातल्या लाल-हिरव्या मेणबत्त्या बघून डॉलर उद्या कुठं जाणार हे सांगायला शिकतोय. तो आज कुठं गेला, तेच अजून नीट सांगता येत नाही.

सौदे खऱ्या पैशानं नाही हो, नुसते वहीत लिहून. डॉलर-रुपयाच्या वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यात, उतरायचं तर परकीय चलनाचं खरं देणं-घेणं लागतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०२४ मध्ये ठणकावून सांगितलं. माझं देणं किराणा दुकानदाराचं, तेही रुपयांत. तेव्हा वही बरी.

मेणबत्ती तशी सोपी. ठरलेल्या वेळेत ज्या भावाला व्यवहार उघडला आणि ज्याला बंद झाला, त्यांच्यामधलं जाड खोड. वर-खाली निघालेल्या वाती म्हणजे मधल्या वेळात भाव कुठवर भरकटून आला ते. बंद भाव वर असेल तर हिरवी, खाली असेल तर लाल. पहिल्या दिवशी मी ओरडलो, "अण्णा, हिरवी झाली!"

"म्हंजे रुपया वाढला?"

"नाही. डॉलर महाग झाला. रुपया पडला."

"मग वरडायलास कशाला?"

नावं तर विचारूच नका. सगळी जपानी. वाती नसलेली मेणबत्ती म्हणजे मारुबोझू, अर्थ टकलू. मोठ्या मेणबत्तीच्या पोटात बसणारी छोटी मेणबत्ती दिसली की त्या जोडीला हरामी म्हणतात. जपानीत त्याचा अर्थ गर्भवती. हे मला माहीत होतं. फोनवर मित्राला "कालपासून समोर हरामी बसलीय" असं सांगत होतो, तेव्हा समोर चहा घेत बसलेल्या सासूबाईंना माहीत नव्हतं. त्या संध्याकाळच्या एसटीनं उदगीरला गेल्या.

पण खरा छळ हातोड्याचा. छोटं खोड वर आणि खाली त्याच्या दुप्पट तरी लांब वात. भाव पडत पडत आला आणि ही दिसली तर हातोडा, आता वर जाईल. भाव चढत चढत आला आणि हीच दिसली तर फाशी गेलेला माणूस, आता खाली येईल. आकार तोच, अर्थ उलटा. म्हणजे नुसतं तोंड बघून काही कळत नाही, मागची चाल बघावी लागते. सोयरीक जुळवताना आमच्याकडं हेच करतात, पण तिथं मुलाचे चुलते माहिती द्यायला टपलेले असतात.

त्यातून मेणबत्ती तिची वेळ संपून बंद होईपर्यंत खरी नसते. पंधरा मिनिटांची मेणबत्ती, चौदाव्या मिनिटाला झकास हातोडा. मी वहीत 'घेतला' लिहिलं, पेनाचं टोपण लावलं, मान वर केली तर हातोड्याचा दांडा गायब आणि जागेवर लालभडक टकलू.

वैतागून अण्णांना सांगितलं, की ही सगळी भानगड जपानातल्या तांदळाच्या व्यापाऱ्यांनी काढलीय. सकाता गावच्या होम्मा नावाच्या अठराव्या शतकातल्या आडत्याचं नाव त्यात घेतात. अण्णांनी चष्मा पुसला. "आडत्या व्हता व्हय? आधी सांगायचं की."

दुसऱ्या दिवशी मोंढ्यातून आले ते पावतीच्या मागं लाल पेनानं मेणबत्ती काढूनच. सोयाबीन सकाळी कितीला निघालं, दुपारी कितीवर घसरलं, शेवटचा सौदा कितीला, सगळं बरोबर. वर आखूड खोड, खाली ही लांब वात.

"सांग आता. हातोडा का फाशी?"

मी मागच्या आठवड्याचे भाव विचारले, वही काढली, पट्टी लावली. म्हटलं, "उद्याची बघून नक्की सांगतो."

"उद्या तर मलाबी कळतंय की," अण्णा म्हणाले, आणि पावतीची घडी घालून खिशात ठेवली.