दोन तारे दिलेल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार.

साउथ वेल्समधल्या आमच्या या हॉलचा रिव्ह्यू सविस्तर लिहिलात आणि मराठीत लिहिलात, म्हणून उत्तरही मराठीतच देते. आपलं म्हणणं असं: चहा चांगला, इमारत सुंदर, पण दारावर समलिंगी-ट्रान्स मंडळींचा इंद्रधनुषी झेंडा आणि भिंतीवरचं नोव्हेंबर ते मार्चच्या कार्यक्रमांचं वेळापत्रक वाचलं तर 'सगळं त्याच लोकांचं'. वेल्श संस्कृती बघायला एवढ्या लांब आलो, ती कुठे दिसलीच नाही. मुलांना घेऊन यावं अशी जागा नाही. आणि मराठी बाई चालवते म्हटल्यावर अपेक्षा वेगळी होती.

वेल्श संस्कृतीपासूनच सुरुवात करते, कारण तिथे मला आपलं म्हणणं अजिबात पटलेलं नाही. त्या भिंतीवरच्या कागदावर वेल्श नाही अशी एकही संध्याकाळ शोधून सापडायची नाही.

फेब्रुवारीतली वेल्श कवयित्री क्रनोग्वेनची संध्याकाळ घ्या. सारा जेन रीस हे तिचं मूळ नाव, जन्म १८३९, लँग्रॅनॉग हे समुद्रकाठचं गाव. वडील जहाजावर कप्तान. ही त्यांच्याबरोबर समुद्रावर गेली, नौकानयन शिकली आणि पुढे गावातल्या शाळेत खलाशांना तेच शिकवू लागली. १८६५ साली अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय आइस्तेद्वोदमध्ये, म्हणजे वेल्श काव्य-संगीताच्या सर्वांत मानाच्या मेळाव्यात, तिनं त्या काळच्या नावाजलेल्या पुरुष कवींना मागे टाकून बक्षीस पटकावलं. कविता होती लग्नाच्या अंगठीवर. तिनं स्वतः लग्न केलं नाही. उतारवयातली वर्षं जेन थॉमस या जोडीदारणीच्या सोबतीनं काढली. २०२३ मध्ये गावात तिचा पुतळा उभा राहिला. आमच्याकडे त्या दिवशी शाळेतली मुलं तिच्या कविता वेल्शमध्ये म्हणणार आहेत. ज्यांना भाषा येत नाही त्यांच्यासाठी दाराशी टोपलीत हेडफोन ठेवलेले असतात आणि मागच्या कोपऱ्यात बसलेली दुभाषी बाई हलक्या आवाजात इंग्रजीतून सांगत राहते. विनोद झाला की आधी वेल्शवाले हसतात, क्षणभरानं हेडफोनवाले. हे वेल्श नाही तर मग काय वेल्श, हे मला खरंच कळत नाही.

डिसेंबरअखेर मारी लूइड आहे. घोड्याची कवटी काठीवर लावायची, खाली पांढरी चादर, कानांना फिती, आणि ही घोडी दारोदार न्यायची. बाहेरचे पद्यात आत येऊ द्या म्हणतात, आतले पद्यातच नकार देतात. कलगी-तुऱ्याच्या फडासारखी जुगलबंदी रंगते आणि आतल्यांचं कडवं अडलं की दार उघडावं लागतं. यंदा घोडीच्या फिती आमच्याकडच्या तरुण ट्रान्स मंडळींनी शिवल्या आहेत. कडवी जुनीच आहेत, चालही जुनीच.

२५ जानेवारीला संत ड्विनवेनचा दिवस, वेल्श प्रेमिकांचा. त्या रात्री टुम्पाथ, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचा लोकनाच. पुकारणारा पावलं सांगत जातो आणि लोक नाचत जातात. आम्ही एवढंच केलंय की 'पुरुष इकडे, बायका तिकडे' असं पुकारण्याऐवजी मनगटाला लाल नाहीतर हिरवी फीत बांधतो, ज्याला जी हवी ती. सत्तरीच्या दोन विधवा मैत्रिणी गेल्या हिवाळ्यात रात्रभर नाचल्या. जोडीला पुरुष नाही म्हणून कडेला बसून राहायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

आता या इमारतीबद्दल. आपल्याला ती आवडली याचा आनंद आहे, पण ती कुणी बांधली तेही सांगायला हवं. साउथ वेल्सच्या खोऱ्यांमध्ये असे हॉल खाणकामगारांच्या पगारातून आठवड्याला कापलेल्या पेन्यांवर उभे राहिले. वाचनालय, नाटक, गाणं, सभा, सगळं इथेच. १९८४ च्या मार्चमध्ये मोठा खाणसंप सुरू झाला, पुढे युनियनचे पैसे कोर्टानं अडकवले आणि चुली थंड पडायची पाळी आली. तेव्हा लंडनमधल्या गे आणि लेस्बियन तरुणांच्या एका गटानं रस्त्यावर बादल्या घेऊन पैसे गोळा केले आणि दुलाइस खोऱ्यातल्या संपकरी कुटुंबांना दिले. नुसते पैसे पाठवून थांबले नाहीत, स्वतः त्या खोऱ्यातल्या ऑन्ल्विन गावच्या हॉलवर आले, लोकांच्या घरी राहिले. संप ३ मार्च १९८५ ला संपला. त्या जूनमध्ये लंडनच्या प्राइड मोर्चाच्या अग्रभागी इथले खाणकामगार आपले बॅनर घेऊन चालले. माझी बायको याच भागातली. तिची आई तेव्हा संपकऱ्यांच्या घरांसाठी बटाटे, साखर, डबाबंद वाटाणे पिशव्यांत भरायची. ३ मार्चच्या संध्याकाळी ही आईच बोलणार आहे. ज्या झेंड्यामुळे आपण दारात थबकलात, तो तिनं लावलाय, आणि तिच्या लेखी तो उपकाराची परतफेड आहे. तो उतरणार नाही.

मुलांचं म्हणाल, तर मुलं दर शनिवारी सकाळी इथे असतात. आपण हरकत घेतली आहे ती पुरुषानं घागरा आणि विग घालून गोष्ट सांगण्याला. तो सांगतो ती रिबेकाची गोष्ट: १८३९ ते १८४३ या काळात पश्चिम वेल्समधले शेतकरी टोलच्या जाचाला कंटाळून, बायकांचे कपडे चढवून, स्वतःला रिबेका आणि तिच्या लेकी म्हणवत रात्री टोलनाके फोडायचे. ही गोष्ट पँट घालून सांगायची तरी कशी? आपल्याकडे बालगंधर्वांचं स्त्रीरूप बघायला घरंच्या घरं नाटकाला जायची, लेकरांसकट. मी बालगंधर्वांना कुठलंही लेबल लावत नाही. साडीतला पुरुष रंगमंचावर दिसला तर मराठी मुलं बिघडत नाहीत, इतकंच म्हणते. मोठ्यांसाठीचे रात्रीचे कार्यक्रम वेगळे आहेत, वेळापत्रकात त्यांच्यापुढे '१८ वर्षांवरील' असं छापलेलं आहे आणि दाराशी वय विचारलं जातं.

इथे येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या कितीतरी लोकांचं बालपण कलम २८ खाली गेलं. १९८८ मध्ये आलेल्या त्या कायद्यामुळे समलिंगी नात्यांबद्दल शाळेत ब्र काढायला शिक्षक घाबरत. २००३ मध्ये ते कलम रद्द झालं. त्या वयात ज्यांना एकाही मोठ्या माणसानं 'तू ठीक आहेस' म्हटलं नाही, ते आज इथे खुर्च्या मांडतात, मुलांना सरबत देतात. त्यांच्या हातून सरबत घेणाऱ्या मुलांची मला मुळीच काळजी वाटत नाही.

मराठीबद्दल: २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, दोन दिवसांनी १ मार्चला संत डेव्हिडचा, वेल्श लोकांचा मोठा दिवस. म्हणून २७ ला मराठी आणि वेल्श कवितांची एकत्र बैठक ठेवली आहे. कागदावर खालून तिसरी ओळ. प्रवेश ऐपतीप्रमाणे, नसेल तर फुकट. आपण एखादी कविता घेऊन आलात तर मला मनापासून आवडेल.

शेवटी एक विनंती, आणि या सगळ्या उत्तरात माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाची तीच आहे. रिव्ह्यूसोबत आपण फोटो टाकलेत. त्यांतल्या एकात खिडकीजवळच्या टेबलावर बसलेल्यांचे चेहरे स्पष्ट ओळखू येतात. ती माणसं कोण आणि कशासाठी आली होती हे मी सांगणार नाही. चहाला इथे कुणीही येतं. पण या जागेत अशी मुलं-मुली येतात ज्यांनी घरी अजून काही सांगितलेलं नाही, त्यांत शिकायला आलेली मराठी मुलंही असतात. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची धार बोथट केली, तरी कोल्हापूर-नाशिकच्या घरात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला एक फोटो काय करू शकतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणूनच आत शिरताना विचारल्याशिवाय फोटो काढू नका अशी पाटी आहे.

आपलं मत, दोन तारे, एकूण एक शब्द तसाच राहू द्या, माझी काही तक्रार नाही. तो एक फोटो मात्र आजच्या आज काढा, आणि काढलात की इथेच खाली एक ओळ टाका, म्हणजे मला त्या टेबलावरच्या मंडळींना कळवता येईल.