टोपलीबाहेरचं पाखरू

गेल्या रविवारी आमच्या बंड्याला १०० पैकी ११ गुण मिळाले. त्यातले ५ गाडीतून शिस्तीत उतरल्याचे आणि ६ परीक्षकांवर न भुंकल्याचे. परीक्षा माझी असती तर ते ६ पण गेले असते.

बंड्या म्हणजे जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर. अंगावर चॉकलेटी ठिपके, शेपूट पिल्लू असतानाच छाटलेली. सांगलीत, विश्रामबागेत त्याला फिरवायला काढलं की दोन प्रश्न ठरलेले. "डालमेशियनचा रंग उतरलाय का हो?" आणि "शेपूट कुठल्या दारात सापडली?" चार वर्षं मी उत्तरं देतोय. पाखराचा वास नाकात शिरला की हे कुत्रं जागच्या जागी थिजतं. मान पुढे, पाठ सरळ, पुढचा एक पाय हवेत. भुंकायचं नाही, झडप घालायची नाही, मालक येऊन पाखरू उठवेपर्यंत तसंच उभं राहायचं. याला ‘पॉइंट’ म्हणतात. घरी तो हे ट्यूबलाइटमागच्या पालीवर करतो. सासूबाई आल्या होत्या तेव्हा देवघरातल्या झुरळावर केलं. ऐन आरतीत. त्या अजून सगळ्या नात्यागोत्यात सांगतात की जावयाचं कुत्रं पुण्यवान आहे, आरतीला एका पायावर उभं राहतं. तीन पाय जमिनीवर होते, पण आपण कशाला बोला.

तर जतच्या बाजूला एका माळावर काही हौशी लोकांनी अशा कुत्र्यांची मैदानी चाचणी ठेवली. फी १५०० रुपये, परत न मिळणारी. पहाटे उठून मिरज, कवठेमहांकाळ, नागज फाटा करत पोचलो. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, शिकार करायची नाही, आणि ते बरंच आहे. म्हणून मिरजेच्या एका कबुतरवाल्याकडून पाळलेली कबुतरं भाड्याने आणली होती. गवतात टोपलीखाली एकेक कबुतर दडवायचं. कुत्र्याने दाखवलं की टोपली उचलायची, कबुतर उडालं की सुतळी बॉम्ब लावायचा. कुत्रं जागचं हललं नाही तर गुण. बंदुकीचा भाग एवढाच. पहिला बॉम्ब फुसका निघाला. दुसऱ्याला एक देखणा सेटर कुत्रा जो गाडीखाली शिरला तो बक्षीस समारंभापर्यंत बाहेर आला नाही.

परीक्षकसाहेब बाहेरगावचे. इंग्लंडात १८६५ साली साउथिलला अशी पहिली चाचणी झाली, तिथून त्यांनी भाषण सुरू केलं आणि सावकाश आजच्या तारखेला येऊन पोचले. तोवर ऊन डोक्यावर. सकाळच्या गारव्यात वास टिकतो, उन्हात उडून जातो, हेही त्यांनीच भाषणात सांगितलं.

आणि वारा! कुत्रं वाऱ्याच्या तोंडावर सोडायचं असतं, म्हणजे समोरचा वास नाकात येतो. त्या भागात वारा कुठून येतोय ते शेंबडं पोरही सांगेल, कारण डोंगरावर पवनचक्क्या आहेत आणि पवनचक्की वाऱ्याकडे तोंड करून उभी असते. त्या दिवशी सगळ्या पवनचक्क्या आमच्याकडे तोंड करून उभ्या होत्या. म्हणजे वारा आमच्या पाठीवर. मी नम्रपणे म्हटलं, "साहेब, त्या टोकाकडून सोडू या का?" साहेब म्हणाले, "त्या टोकाला सावली नाही." सावली एका बाभळीची होती, आणि तिच्याखाली साहेबांची खुर्ची होती.

मी शिट्टी दिली. बंड्या सरळ पळत माळ ओलांडून पार टोकाच्या बांधापर्यंत गेला. टोपली वाटेत उजव्या हाताला होती, तिचा वास त्याला येणारच कसा? बांधावरून वळला, आता कुठे वारा तोंडावर आला, आणि बोरीच्या झुडपापाशी थिजला. असा थिजला की मला घशात काहीतरी आलं. पाली आणि झुरळं सोडून पहिल्यांदाच.

मी धावलो. मागून परीक्षक, वही, एक स्वयंसेवक. आणि तेवढ्यात शेजारच्या शाळूतून आबा आले.

आबांची ओळख नव्हती, पण वय सत्तरीपुढचं, डोक्याला पटका आणि हातात गोफण, मग दुसरं काय म्हणणार. आले तेच भांडायला. आमची उडवलेली कबुतरं मिरजेला परत जायच्याऐवजी त्यांच्या शाळूच्या कणसांवर बसली होती. पण बंड्याला बघितलं आणि भांडण विसरले.

"ह्येला काय झालंय?"

"काही नाही आबा, पाखरू दाखवतोय."

"पाय कशापाय उचललाय? काटा रुतला आसंल." आणि मी नको म्हणेपर्यंत आबा बंड्यापाशी खाली बसले, त्याचा उचललेला पंजा हातात घेतला आणि बोटांच्या बेचक्यात एकेक गादी दाबून बघायला लागले. बंड्याने पापणीसुद्धा हलवली नाही. नाक झुडपाकडे, ओठाला लाळेची एक तार, अंगावरून एक बारीक थरथर, बस. आबांनी पंजा सोडला. पंजा होता तिथेच राहिला, हवेत. आबांनी माझ्याकडे बघितलं.

"लकवा हाय."

"लकवा नाही हो. त्याला शिकवलंय असं."

"मंग आता धरंल?"

"नाही, धरायचं नाही."

"मंग तुमी मारणार?"

"नाही नाही, शिकारीला बंदी आहे."

"मंग पाखरू कुठंय?"

"टोपलीत." हे मी नकळत बोलून गेलो.

"टोपलीत कुणी ठिवलं?"

"आम्हीच."

आबांनी पटका मागे सारून कपाळ खाजवलं. "म्हंजी पाखरू तुमीच ठिवलं. कुठं ठिवलं त्ये तुमाला ठावं हाय. आन् कुत्र्याला इचारताय?"

"हो."

"पैसं बी देत्यात?"

"आम्ही भरतो. पंधराशे."

यावर आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्यांच्या भावकीत एकाकडं कारवान कुत्रं हाय, ससा दिसला की सुटतंय, त्येला कुणी शिकवलं न्हाई. मी सांगणार होतो की कारवान डोळ्यावर धावतं, हे नाकावर थांबतं, कामंच वेगळी. मुधोळच्या त्याच कुत्र्यांवर २००५ साली टपाल तिकीट निघालंय हेही सांगणार होतो. पण परीक्षक घड्याळ बघत होते.

"पाखरू उठवा," साहेब म्हणाले.

मी बोरीत पाय घातला. पँट फाटली. काही उठलं नाही. दुसऱ्या बाजूने घातला. दुसरा पाय फाटला. बंड्या दोन पावलं पुढे सरकून पुन्हा थिजला. मी पुन्हा ढवळलं. काही नाही.

"खोटा पॉइंट," साहेब म्हणाले आणि वहीत लिहिलं.

"साहेब, त्याने खोटं कधी केलं नाही—"

"नकाशात इथे टोपली नाही." त्यांनी खरोखर नकाशा दाखवला. टोपली नंबर ४ तिकडे, चाळीस पावलांवर. म्हणजे पाखरू नकाशात असेल तरच पाखरू. पुढे मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि खरं सांगायचं तर तिथे बोललोही नाही, गाडीत बोललो.

साहेब वळून सावलीकडे निघाले. आबा मात्र वाकून झुडपाबुडी बघत होते. "तित्तर हाय ह्ये. त्ये उडत न्हाई पयलं, पळतंय. बांधाकडनं गेलंय." आणि त्यांनी गोफणीत खडा घातला. दोनदा फिरवून बांधापलीकडे सोडला. भर्रर्र! पाच तित्तरं एकदम उठली आणि ओरडत शाळूवरून पार गेली. बंड्या बसला. शिकवल्याप्रमाणे, जागच्या जागी. चार वर्षांत इतका सुंदर बसला नव्हता.

मी ओरडलो, "साहेब!"

साहेब खुर्चीवर टेकत होते. मागे वळून म्हणाले, "मी बघितलं नाही. आणि गोफण नियमात बसत नाही."

सुतळी बॉम्ब बसतो.

प्रमाणपत्र मिळालं, सहभागाचं. त्यावर ‘बंडी (मादी)’ लिहिलंय. दुरुस्तीसाठी अर्ज द्यायचा म्हणे, फी १०० रुपये. घरी बायको म्हणाली, सोड ना, कुत्र्याला वाचता कुठे येतं. कुत्र्याला येत नाही हो, मला येतं.

निघताना आबांनी माझा नंबर घेतला होता, कबुतरांनी खाल्लेल्या शाळूचं काय ते बघू म्हणून. मंगळवारी फोन आला. मला वाटलं भरपाई. आबा म्हणाले, "पाव्हणं, तित्तरं आज बी तितंच हायती बोरीत. नातवानं फोटू काढलाय. सायबाला धाडा."

फोटोत बोर दिसते. बारीक बघितलं तर तिच्या बुडाशी एक डोळा दिसतो. मी लगेच साहेबांना पाठवला, खाली फक्त ‘टोपली नंबर ५’ एवढंच लिहून. दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही.