फिल्टर बदलला, गुन्हा केला का?

काम किती? जुना डिझेल फिल्टर काढायचा, नवा बसवायचा. पंधरा मिनिटं! आणि मग चावी फिरवली की ट्रक मेल्यासारखा गप्प. का, तर म्हणे एअर धरली, म्हणजे डिझेलच्या लाइनीत हवा शिरली. अरे, कालपर्यंत टनावारी माल ओढत होतास ना? आज चिमूटभर हवेनं घाबरलास?

मग सुरू होते हँड पंपाची पूजा, म्हणजे हातानं दाबून डिझेल पुढे ढकलायच्या छोट्या पंपाची. दाब, दाब, दाब. अंगठा सुजतो, पंप काही कडक होत नाही. ब्लीडिंग स्क्रू, म्हणजे हवा बाहेर सोडायचा स्क्रू, सैल करा, फेस येतो. परत दाबा, परत फेस. हे डिझेल आहे की साबणाचं पाणी? बरं, फेस थांबून सलग धार लागली, स्क्रू आवळला, सेल्फ मारला. घर्रर्र... काही नाही!

तेवढ्यात जमलेले तज्ज्ञ: "अजून मार सेल्फ!" मारतो की. बॅटरी उतरली, स्टार्टर तापला तर खर्च तुम्ही देणार का?

आणि तासाभराने कळतं काय? जुन्या फिल्टरची रबरी रिंग वर, फिल्टर बसतो त्या जागीच चिकटून राहिली होती. तिच्यावर नवी रिंग. दोन रिंगांच्या फटीतून हवा मजेत आत जातेय आणि मी खाली वेड्यासारखा पंप मारतोय!

त्यात फिल्टर आधी डिझेलनं भरून बसवावा, तर एक म्हणतो भर, दुसरा म्हणतो मधल्या भोकातून ओतलंस तर न गाळलेला कचरा थेट इंजेक्टरात, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नळीत. मग ओतू कुठून, माझ्या डोक्यावर?