‘निवांत’ कासला जाऊ

भाद्रपद लागला की साताऱ्यातल्या प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच, “या रविवारी पोरांना घेऊन निवांत कासला जाऊ.” या वाक्यात दोन चुका आहेत. पहिली ‘रविवार’, दुसरी ‘निवांत’. रविवार निदान बदलता येतो.

फुलांच्या या कास पठारावर दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आहे. फुलांचा खरा बहर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात एवढाच, आणि त्यातल्या शनिवार-रविवारी आख्खं पुणे आपल्या आधी जागं झालेलं असतं. म्हणून ऑनलाइन नोंदणी आधी करावी आणि मंगळवार-बुधवार गाठावा. त्यासाठी शाळा बुडवावी असं माझं स्पष्ट मत आहे. चिठ्ठीत ‘पोटदुखी’ लिहू नये, ‘वनस्पतिशास्त्र’ लिहावं. पोट तसंही यवतेश्वरच्या घाटात दुखणारच आहे, तेव्हा चिठ्ठी खोटी ठरत नाही.

निघायची वेळ उलटी मोजायची. नऊला प्रवेश हवा, तर साताऱ्यापासून पठार पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे कागदावर पाऊण तास. त्यात घाटातला एक अनिवार्य थांबा, गाडी लावणं आणि तिथून पुढची चाल धरली की सातला चाकं हलायला हवीत. सातला हलायची तर घरात ‘सहा’ असं जाहीर करावं. पोरं साडेपाचलाच बूट घालून दारात बसतात. उशीर होतो तो ‘एक घोट चहा घेतो आणि निघतो’ या मोठ्या माणसांमुळे.

आता त्या अनिवार्य थांब्याविषयी. बोगदा ओलांडून घाट सुरू झाला की मागच्या सीटवर मोबाइल उघडतात. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं, गाडी वळतेय. मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात, सगळं जागच्या जागी आहे. या भांडणाचा निकाल पोटात लागतो. म्हणून मोबाइल काढून घ्यावा, काच थोडी खाली करावी आणि पोरांना लांबचा डोंगर बघायला लावावं. निघताना पोटभर पोहे आणि वर पेलाभर दूध हा प्रेमाचा प्रकार टाळावा; कोरडी चपाती आणि आलेपाकाची वडी पुरते. पेढ्यांचा पुडा परतीच्या वाटेवर. तरीही जे व्हायचं ते होतंच, आणि पठारावर प्लास्टिकला बंदी असल्यामुळे पिशवीचा आधारही नसतो. घट्ट झाकणाचा एक रिकामा स्टीलचा डबा ठेवावा. त्याच्या कडीला लाल दोरा बांधावा. थालीपिठाचा डबाही तसाच दिसतो, एवढंच सांगतो.

छत्री नेऊ नये. वर वारा असा असतो की छत्री पहिल्या मिनिटात उलटी होते आणि उरलेला दिवस तिलाच सांभाळावं लागतं. रेनकोट घ्यावा. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही आणि पोरगं अर्ध्या किलोमीटरवर ‘उचल’ म्हणतं. बुटांना खाचा हव्यात, कारण खडकावर शेवाळ असतं. मोजे प्रत्येक पोरामागे तीन जोड. दोन पुरतील असं वाटतं, पण पहिला जोड गाडीतून उतरताच पहिल्या डबक्यात जातो.

सगळ्यात मोठा प्रश्न मात्र पाण्याचा. पाणी दिलं नाही तर कुरकुर आणि दिलं तर शू. एरवी माणूस ‘जा त्या झाडाआड’ म्हणून मोकळा होतो. इथे झाडच नाही! खाली जांभा दगड, वर मातीचा जेमतेम पापुद्रा. मोठ्या झाडाने मुळं रोवायची कुठे? त्यामुळेच इथे इवल्या फुलांचं राज्य आहे, आणि त्यामुळेच आडोसा नाही. शास्त्र एकच, परिणाम दोन. म्हणून गाडी लावतात तिथल्या स्वच्छतागृहात सगळ्यांना सक्तीने न्यावं. ‘मला नाही आली’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये. बरोब्बर वीस मिनिटांनी येते.

आणि मग फुलं. “कुठायत?” हा पोरांचा पहिला प्रश्न. जाहिरातीतल्या गालिच्याच्या अपेक्षेने मोठी माणसं क्षितिजाकडे बघत असतात, तिकडे धुकं. फुलं पायाशी, नखाएवढी. पोरांची उंची इथे कामी येते. प्रत्येकाला एक भिंग द्यावं, दोघांत एक दिलंत तर पुढचं सगळं भिंगावरून. पायवाट सोडायची नाही, तोडायचं नाही, फोटोसाठी काकांनी फुलांवर पालथं पडायचं नाही. हा शेवटचा नियम पोरांना सांगावा, ते काकांकडून तो पाळून घेतात.

कवल्याची पिवळी फुलं ‘मिकी माऊस’ म्हणून लगेच खपतात. तेरडा गौरीमुळे ओळखीचा. हंगामाच्या सुरुवातीला गेलात तर डबक्यांत वायतुरा, म्हणजे इंग्रजी वाय अक्षरासारखा तुरा. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’. हे ऐकून आजोबांची छाती फुगते, पोरांना काही फरक पडत नाही. त्यांना फक्त मांसाहारी झाडं हवी असतात.

इथे सावध राहावं. ‘कीटक खाणारं झाड’ असं घरी सांगून ठेवलंत की पोरं वाघाच्या तयारीने येतात. सीतेची आसवं हे नाजूक निळं-जांभळं फूल, आणि त्याचा सापळा ओल्या मातीत लपलेल्या टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्यांत. पापणी लवायच्या आत जीव ओढला जातो, पण तो जीव डोळ्यांना दिसतच नाही. दवबिंदू हे दुसरं कीटकखाऊ झाड दिसतं खरं, पण चिकट केसांनी कीटकाला मिठी मारायला वेळ घेतं. “आता खाईल का?” “थांब.” “आता?” पोराला माशी पकडून आणायला सुचायच्या आत पुढे सरकावं.

टोपली कारवीचा बहर सात वर्षांनी एकदा येतो. तो चुकला असेल तर पोरांना सांगू नये. ती लगेच हिशोब करतात, “तेव्हा मी नववीत असेन,” आणि आपल्याला उगाच आपलं वय मोजावं लागतं.

डबा पठारावर उघडायचा नाही, गाडीपाशी परतल्यावर उघडायचा, लाल दोरा बघून. मग तसंच पुढे कास तलावावर जावं. साताऱ्यात बऱ्याच घरांच्या नळाला याच तलावाचं पाणी येतं. ही माहिती गाडीतून उतरण्याआधी, मोठ्याने आणि आजीकडे बघून द्यावी. कारण चिखलाचे नऊ जोड मोजे पिशवीत घेऊन ती काठाकडे निघालेली असते.