चोराला ऐरण कशाला? पाच मुद्द्यांच्या एका फॉरवर्डला उत्तर

भाच्याचा फोन आला. "मावशी, तुझं ते चोराचं कॅरेक्टर एकदम बोगस आहे गं. दोन मिनिटांत मरतं." स्कायरिम हा व्हिडिओ गेम त्याला मीच घेऊन दिला होता, आणि वर "चोर बनून खेळ, त्यात खरी मजा आहे" हा सल्लाही माझाच. म्हटलं, स्क्रीन शेअर कर, बघू.

खेळातल्या व्हाइटरन शहराच्या वेशीतून आत शिरलं की उजव्या हाताला लोहाराचं दुकान लागतं, वॉरमेडन्स. त्याच्या ओट्यावरच्या भट्टीपाशी हा पठ्ठ्या तीन दिवस उभा. लोखंडी खंजीर ठोकायचा, त्यावर मंत्र चढवायचा, दुकानात खपवायचा, पैशाचं लोखंड आणायचं, परत ठोकायचा. लेव्हल 16. स्मिदिंग (लोहारकी) 58, एन्चँटिंग (वस्तूंवर मंत्र चढवणं) 64, अल्केमी (औषधं-विषं बनवणं) 40. आणि स्नीक, म्हणजे लपून चालणं? 21. नव्या कॅरेक्टरला बहुतेक स्किल 15 वर मिळतात. म्हणजे तीन दिवसांत चोराने चोरपावलं टाकायची प्रगती केली सहा अंकांची. स्नीकमध्ये एकही पर्क, म्हणजे दर लेव्हलला एक निवडता येणारी खास करामत, नाही. मग तो चकचकीत एल्व्हन चिलखत घालून थडग्यात उतरला, वाकून वाकून ड्रॉगरच्या, म्हणजे थडग्यातल्या चालत्या प्रेताच्या, मागे गेला, तीन पावलांवर असताना प्रेत गर्रकन वळलं, आणि पुढचं मी बघितलं नाही, चहा उतू जात होता.

हे तुला कुणी सांगितलं, असं विचारल्यावर त्याने एक पोस्ट पाठवली. ती मला त्याआधी दोन ग्रुपांवर आली होती, मी न वाचता सोडून दिली होती. चूक झाली. मथळा असा (स्टेल्थ म्हणजे लपूनछपून खेळणं): "स्टेल्थ खेळायचंय? आधी स्मिदिंग, एन्चँटिंग, अल्केमी तिन्ही 100 करा. नाहीतर तुमचा चोर म्हणजे नुसती लपाछपी." या तिन्हींना मिळून क्राफ्टिंग म्हणतात. खाली पाच मुद्दे, प्रत्येकापुढे आगीची चिन्हं.

मुद्दा पहिला: "क्राफ्टिंग केल्याशिवाय डॅमेज येतच नाही."

खंजिराचं डॅमेज येतं गुणकातून, आणि गुणक स्नीकच्या झाडावर लागतात, भट्टीत नाही. हे आकडे माझ्या डोक्यातले नाहीत. युईएसपी म्हणून एक संकेतस्थळ आहे, 1995 पासून एल्डर स्क्रोल्सचे, म्हणजे स्कायरिम ज्या मालिकेतला आहे तिचे, चाहते ते चालवतात, आणि या मालिकेतल्या खेळांची आकडेमोड तिथे सुटी सुटी करून मांडलेली आहे. नजरेआडून एकहाती शस्त्राने वार केला तर मुळात तिप्पट लागतो. बॅकस्टॅब हा पर्क घेतला की सहापट. आणि स्नीक 50 झाल्यावर ॲसॅसिन्स ब्लेड घेतला की खंजिराला पंधरापट.

आता हिशोब करा. भाच्याची एल्व्हन खंजीर मुळात 8 ची. घासूनपुसून ती 14 ची झाली असं उदारपणे धरू. गुणक त्याचा तिप्पट, म्हणजे 42. उलट सगळ्यात टुकार लोखंडी खंजीर, जी त्याने शेकड्याने ठोकून विकली, ती 4 ची. गुणक पंधरा. झाले 60. जी वस्तू तो भंगाराच्या भावाने फुंकत होता तीच त्याच्या हातातल्या शस्त्राला भारी पडली असती!

आणि इथे थांबायचंही कारण नाही. विंडहेल्ममधल्या त्या अनाथ पोराचं ऐकून रिफ्टनच्या अनाथालयातली ग्रेलॉड म्हातारी संपवा, मग कुठेतरी झोपा. डार्क ब्रदरहूड या मारेकऱ्यांच्या टोळीची ॲस्ट्रिड उचलून नेते. ती सांगते ते केलं की फॉकरीथजवळच्या त्यांच्या अड्ड्यावर काळा-लाल पोशाख फुकट मिळतो. त्यातले हातमोजे पाठीतल्या वाराचं डॅमेज दुप्पट करतात आणि बुटांनी पावलांचा आवाज बंद होतो. 60 चे 120 झाले. एकही खिळा न ठोकता. ग्रेलॉडला मारल्याबद्दल त्या अनाथालयातली पोरं आनंदाने ओरडतात, तो बोनस वेगळा.

ॲसॅसिन्स ब्लेडपर्यंत पोचायला पर्क लागतात चार. स्टेल्थचा पहिला, बॅकस्टॅब, डेडली एम, आणि तो स्वतः. बास. भाच्याकडे पंधरा होते.

मुद्दा दुसरा: "आधी गावात बसून क्राफ्टिंग 100 करा, मग बाहेर पडा. सगळे शत्रू सोपे जातील."

खरा घात इथे आहे. बाकीचे मुद्दे बहुतेक चुकीचे आहेत, हा मुद्दा सरळसरळ खेळ बिघडवतो.

स्कायरिममध्ये कुठलंही स्किल वाढलं की त्याचा अनुभव कॅरेक्टरच्या खात्यात जमा होतो. स्किल 40 वर गेलं तर 40 गुण, 80 वर गेलं तर 80. ते तलवारबाजीचं होतं की खंजीर ठोकण्याचं, हे खेळ विचारत नाही. पुढच्या लेव्हलला किती गुण लागतात त्याचंही सूत्र साधं आहे: सध्याच्या लेव्हलमध्ये 3 मिळवा, 25 ने गुणा. मी रात्री वहीवर मांडलं. फक्त स्मिदिंग 15 वरून 100 वर नेलं तर 4,930 गुण होतात आणि तुम्ही लेव्हल 17 ला जाता. पोस्टमधलं ऐकून तिन्ही 100 केलीत तर 14,790 गुण, लेव्हल 32. म्हणजे एकदाही वाकून न चालता, एकाही माणसाच्या मागे न जाता तुम्ही बत्तिसावे. आणि थडग्यांमधली, गुहांमधली बरीचशी वस्ती तुमच्या लेव्हलकडे बघून ठरते. जिथे साधी हाडकुळी प्रेतं उठली असती तिथे आता डेथलॉर्ड, म्हणजे ड्रॉगरांतला एक दांडगा सरदार, उठतो. त्याच्यासमोर तुमचं स्नीक 15.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

उलट बाजूने मांडलं तर? फक्त स्नीक 15 वरून 50 वर नेलं तर होतात 1,155 गुण, म्हणजे लेव्हल 7. तोवर सहा पर्क हातात आलेले असतात, त्यातले चार ॲसॅसिन्स ब्लेडपर्यंत खर्च, दोन शिल्लक. सातव्या लेव्हलचे शत्रू आणि पंधरापट खंजीर. हे गणित पोस्ट लिहिणाऱ्याने एकदा जरी केलं असतं तरी माझा भाचा तीन दिवस धुरात उभा राहिला नसता.

त्यातून ते लोखंडी खंजिरांचं खूळ! "खंजीर ठोका, स्मिदिंग भराभर वाढतं" ही 2011 ची युक्ती आहे. 2012 च्या 1.5 पॅचमध्ये बेथेस्डाने, म्हणजे खेळ बनवणाऱ्या कंपनीने, ती बोथट केली. तेव्हापासून बनवलेल्या वस्तूची किंमत बघून अनुभव मिळतो, आणि लोखंडी खंजिराला काय किंमत असणार? त्यानंतर 2016 ला स्पेशल एडिशन आली, 2021 ला ॲनिव्हर्सरी एडिशन आली, फॉरवर्ड मात्र आहे तिथेच आहे.

मुद्दा तिसरा: "पुरावा हवा? हा व्हिडिओ बघा, क्राफ्टिंगने लाखांचं डॅमेज देणारा खंजीर."

बघितला. तो क्राफ्टिंगचा पुरावा नव्हे, खेळातली भेग आहे. रेस्टोरेशन (बरं करण्याची जादू) वाढवणारं औषध पिऊन अल्केमी वाढवणारे कपडे काढून परत घातले की त्या कपड्यांचा जोर फुगतो, मग त्याच्या जोरावर आणखी कडक औषध, परत कपडे काढा, परत घाला. असं करत आकडा आभाळाला नेता येतो. चाहत्यांनी बनवलेल्या अनऑफिशियल पॅचमध्ये ही भेग बुजवलेली आहे. करा हौसेने, मला काही म्हणायचं नाही. पण असा आकडा दाखवून "म्हणून चोराला क्राफ्टिंग लागतंच" म्हणणं म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाकडे बोट दाखवून नोकरी सोडायला सांगणं.

मुद्दा चौथा: "घरी बनवलेलं चिलखत नसेल तर एका फटक्यात मराल."

फटका बसू नये म्हणूनच तर चोर झालो ना आपण? पुढे.

मुद्दा पाचवा: "लेजेंडरीवर क्राफ्टिंगशिवाय कोणी टिकूनच दाखवावं."

यात, नाइलाजाने सांगते, अर्ध्याहून जास्त तथ्य आहे. लेजेंडरी ही सगळ्यात अवघड पातळी 2013 च्या पॅचने आली. तिच्यावर तुमचं डॅमेज पाव होतं आणि अंगावर येणारा मार तिप्पट. माझ्या त्या ऐटबाज 120 चे तिथे 30 उरतात. शिवाय ग्राइंडस्टोनवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, वाढवलेला अंक गुणकाच्या आत जातो. खंजीर 2 ने वाढली तर मोजे घातलेल्या मारेकऱ्याला त्याचे 60 मिळतात. तेव्हा तिथे स्मिदिंगचा उपयोग आहे, आहे, आहे. धनुष्यवाल्यांनाही आहे, कारण डेडली एम घेऊन त्यांचा गुणक तिप्पटच राहतो. शिकारी धनुष्य 7, लोखंडी बाण 8, तिप्पट करून 45. त्यांना हत्यार सुधारावंच लागतं. ड्रॅगनही काही पाठ करून उभा राहत नाही, तेही मान्य.

पण भाचा खेळतो ॲडेप्टवर, म्हणजे मधल्या पातळीवर. आणि पोस्टचा मथळा "लेजेंडरीवर धनुष्य घेऊन खेळणाऱ्यांसाठी" असा नाही. मथळा सगळ्यांना सांगतो, तिन्ही 100 करा.

तिन्ही का, हेही मला कळलेलं नाही. खेळाच्या सुरुवातीला हेल्गेनमधून सुटून रिव्हरवुड गावाकडे निघालं की वाटेत तीन शिळा उभ्या दिसतात: योद्धा, जादूगार, चोर. ज्या शिळेला हात लावाल तिच्या गटातली सहा स्किल्स वीस टक्के लवकर वाढतात. स्मिदिंग योद्ध्याच्या गटात आहे. एन्चँटिंग जादूगाराच्या. चोराच्या वाट्याला खेळ लिहिणाऱ्यांनी एकच क्राफ्टिंग ठेवलं, अल्केमी. त्याला माझा विरोध नाही, उलट मी स्वतः करते. कॅनिस रूट आणि इम्प स्टूल कुटलं की लकव्याचं विष होतं. पिकपॉकेट 40 ला एक पर्क मिळतो, तो घेतला की विष शत्रूच्या खिशात सोडता येतं, खंजीर काढायचीही गरज नाही. पण त्यासाठी अल्केमी 100 लागत नाही, रस्त्याच्या कडेची झुडपं ओरबाडायची सवय लागते. माझ्या नवऱ्याला खऱ्या रस्त्यावरही मी ते करेन की काय अशी भीती वाटते.

मला वाटतं हा सगळा गोंधळ जुन्या खेळांमधून आला असावा. 2006 च्या ऑब्लिव्हियनमध्ये हत्यारं वापरून वापरून खराब व्हायची, हातोडे जवळ बाळगावे लागायचे, चोरालाही थोडी लोहारकी यायला हवी असायची. स्कायरिममध्ये काहीच झिजत नाही. ज्या हत्याराने सुरुवात केली ते शेवटपर्यंत तसंच राहतं. दुरुस्तीची गरज गेली, सल्ला उरला.

आणि हत्यार सुधारायचंच असेल तर स्मिदिंग जन्मजात 15 असतं, त्यावरही ग्राइंडस्टोनवर एक सळी खर्चून पहिल्या पायरीची सुधारणा मिळते. पर्क नको, तीन दिवस नकोत. वॉरमेडन्सच्या बाहेर तो दगड आहे, पैसे पडत नाहीत. हे मी भाच्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "एवढंच?" हो रे बाबा, एवढंच.

त्याने नवीन सेव्ह सुरू केली. काल रात्री साडेअकराला मेसेज: स्नीक 50, लेव्हल 8, लोखंडी खंजीर, डाकूंच्या तळावर बाहेरचे दोन पहारेकरी गेले, आतल्यांना पत्ता नाही. खाली आणखी एक ओळ होती, जुनी सेव्ह डिलीट करवत नाहीये, त्यातल्या पेटीत दोनशे खंजीर पडलेत.