वर्ष उलटल्यावर पोट दुखलं, तर दोष तुमचाच?

एक मजकूर सध्या बराच फिरतोय: ‘वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा त्रास पहिल्या वर्षापुरताच. त्यानंतर पोट बिघडलं तर समजा, खाण्यावरचा ताबा सुटला. पित्ताची गोळी घ्या आणि जीभ आवरा.’ लिहिणाऱ्याला धीरच द्यायचा असेल. पण हा सल्ला ऐकून माणसं दुखणं लपवतात, म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवं.

‘त्रास वर्षभरात संपतो.’ सुरुवातीची मळमळ ओसरते, हे खरं. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा धोका असतो, तोही पुढे कमी होतो. पण काही त्रास सुरूच उशिरा होतात. गॅस्ट्रिक बायपासनंतर, म्हणजे जठर लहान करून ते लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडण्याच्या ऑपरेशननंतर (हृदयाचा बायपास वेगळा), जेवून एक ते तीन तासांनी घाम फुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं हा त्यातलाच एक. अन्न लहान आतड्यात भरकन उतरतं, साखर एकदम चढते, मागोमाग इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि साखर कोसळते. हे बहुधा वर्ष उलटल्यावरच दिसू लागतं.

त्याहून गंभीर म्हणजे अंतर्गत हर्निया. बायपासमध्ये आतड्याची जोडणी बदलताना त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात फटी तयार होतात. सर्जनने त्या शिवल्या, तरी वजन उतरतं तशी तिथली चरबी झिजते आणि फट पुन्हा उघडू शकते. आतडं त्यात शिरलं की जीवघेणी कळ येते, निसटलं की थांबते. डॉक्टरांपर्यंत पोचेतो दुखणं गेलेलं असतं, कधी सीटी स्कॅनमध्येही काही सापडत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘काहीतरी अरबटचरबट खाल्लं असशील.’ पण एकदा आतडं अडकून राहिलं आणि रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांत ते निकामी होऊ लागतं. ऑपरेशनला कितीही वर्षं झालेली असोत, अशी कळ आली तर रात्र काढायची नाही. दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा: ‘माझा वजन कमी करण्याचा, पोटाचा बायपास झालाय.’ गरोदर बाईने तर नक्कीच. वाढणारं गर्भाशय आतडी वर ढकलतं आणि धोका वाढतो.

‘ताबा सुटला.’ स्लीव्ह या वजन कमी करण्याच्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते अरुंद नळी. तिच्यातला दाब वाढतो आणि आम्ल वर चढतं. आयुष्यात कधी जळजळ न झालेल्या माणसालाही मग रात्री घशाशी आंबट येतं. यात जिभेचा काय गुन्हा? खाण्याचा संबंध असतो, हे मान्य. गोड कमी, घास लहान, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने, याने डम्पिंगचा, म्हणजे अन्न आतड्यात भरकन उतरल्याने होणारा त्रास पुष्कळ आटोक्यात राहतो. पण हे सगळं पाळूनही त्रास होणारे असतात, आणि त्यांना दोष देणं मला क्रूर वाटतं.

‘पित्ताची गोळी घ्या.’ जळजळीला गोळी उपयोगी आहेच. पण तपासणीशिवाय ती वर्षानुवर्षं घेत राहिलं, तर अन्ननलिकेच्या अस्तरात होणारे बदल झाकलेले राहतात. स्लीव्हनंतर ठरावीक काळाने एंडोस्कोपी करायला सांगतात ती त्यासाठीच. बायपासच्या जोडावर व्रण झाला असेल तर धूम्रपान आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या तो चिघळवतात, म्हणजे पोटदुखीवर घेतलेली गोळीच घात करते. पातळ, तेलकट, उग्र वासाची शौच होत असेल, तर आतड्यातले वाढलेले जिवाणू, पित्ताम्लं किंवा स्वादुपिंडाचा रस अन्नात नीट न मिसळणं, यांपैकी काय कारण आहे ते शोधावं लागतं. प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे.

आणि उलट्या. त्या थांबत नसतील तर शरीरातला थायमिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांत संपतो. एकाचे दोन दिसू लागतात, तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर मेंदूची हानी कायमची राहते. अशा रुग्णाला ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिन द्यावं लागतं. ड्युटीवरच्या डॉक्टरांना ऑपरेशनची कल्पना नसेल, तर सोबतच्या माणसाने ते न संकोचता सांगावं.