स्विंडनमध्ये 'आत' कोण होतं?

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढल्यामुळे असेल, पण इंग्लंडमधल्या रेल्वेच्या गावांचं कुणी कौतुक करायला लागलं की माझे कान टवकारतात. त्यातही स्विंडन, ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीच्या इंजिन कारखान्याभोवती वाढलेलं गाव. "कंपनीने कामगारांना घरं दिली, दवाखाना दिला, वाचनालय दिलं" हे इतक्यांदा वाचलंय की आज भांडायचंच ठरवलंय.

आधी घरं. १८४० मध्ये कंपनीच्या इंजिनांचा प्रमुख, चोवीस वर्षांच्या डॅनियल गूचने मुख्य अभियंता ब्रुनेलला कारखान्यासाठी ही जागा सुचवली. चेल्टनहॅमचा फाटा इथून निघणार होता, कालवा शेजारी होता आणि इंजिन बदलायलाही सोयीचं होतं. पण लोहमार्ग टाकण्यातच ग्रेट वेस्टर्नची तिजोरी रिकामी झालेली. मग ठेकेदाराशी सौदा झाला: स्टेशन आणि तीनेकशे घरं तू तुझ्या पैशाने बांध, घरभाडं तुझं, स्टेशनातल्या उपाहारगृहाचा नफाही तुझा. वर, गाड्या इथे दहा मिनिटं थांबवू हा आमचा शब्द. करार थेट नव्याण्णव वर्षांचा! गिऱ्हाईक पळणार कुठे? कॉफी अशी की खुद्द ब्रुनेलने १८४२ मध्ये खवचट पत्र लिहिलं: ही कॉफी नव्हेच, भाजलेलं धान्य आहे. शेवटी १८९५ मध्ये एक लाख पौंड मोजून कंपनीने त्या करारातून मान सोडवली. म्हणजे घरांचे पैसे फेडले भाडेकरूंनी आणि ती कॉफी गिळणाऱ्या प्रवाशांनी.

दवाखान्याचंही तेच. १८४७ चा मेडिकल फंड चालायचा कामगारांच्या पगारातून कापलेल्या पैशांवर. त्यातून डॉक्टर, औषधं, १८७१ मध्ये छोटं इस्पितळ, १८९२ मध्ये पोहण्याचे तलाव. १९४८ मध्ये देशभर मोफत आरोग्यसेवा आली तेव्हा नमुना आमचाच होता, असं स्विंडनकर आजही छातीठोकपणे सांगतात. सांगू देत, हक्क आहे त्यांचा.

जुलैतली 'ट्रिप', म्हणजे कामगारांची वार्षिक सहल, मला सगळ्यात आवडते. १८४९ मध्ये पाचेकशे जण ऑक्सफर्डला गेले, आणि पुढे पुढे पंचवीस हजार माणसं एकदम समुद्रावर जायला लागली. गाव ओस. गाडी फुकट, पण सुट्टीचा पगार १९३८ पर्यंत नाहीच. परतल्यावर घराघरांत ओढाताण.

कारखान्यात काम करणाऱ्याला तिथे म्हणत, तो 'आत' आहे. आपल्याकडे 'आत' म्हटलं की वेगळाच अर्थ निघतो, पण भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं म्हटल्यावर फारसा वेगळाही नाही. एके काळी चौदा हजार माणसं आत होती. ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं वाफेचं इंजिन, 'ईव्हनिंग स्टार', १९६० मध्ये इथूनच बाहेर पडलं. मार्च १९८६ मध्ये कारखान्याला कुलूप लागलं.

आता त्या शेडमध्ये ब्रँडेड कपड्यांचा मॉल आहे, बाजूला संग्रहालय. गावात गोव्याची माणसं इतकी आहेत की रस्त्यात कोंकणी कानावर पडते. मला मात्र टोचते ती मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनची इमारत. कामगारांनी वर्गणी भरून चालवलेलं वाचनालय, नाटकं, व्याख्यानं, ती ट्रिपसुद्धा, सगळं तिथलं. कारखाना गेला आणि तीही बंद पडली. मॉल चकाचक आहे. ती अजून रिकामीच.